पाण्याची साक्ष

नगरभवनाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, खिडक्या भरल्या, आणि ज्यांना आत शिरता आलं नाही ते जिन्यावर उभे राहून पुढच्याच्या तोंडून कार्यक्रम ऐकत होते. आज पाणी साक्ष देणार होतं.

"पाणी बोलणार की काय?" एकाने विचारलं.

"बोलणार नाही हो, रंग दाखवणार. निर्दोष माणसाच्या हाताने निवळ राहणार, पापी माणसाच्या हाताने रक्त होणार!"

"मग न्यायाधीशांना घरी बसवा की!"

कोणी हसलं नाही. या शहरातल्या लोकांचं हसू त्या तापाने नेलं होतं. नळाच्या पाण्यातून विषमज्वर पसरला, दवाखान्यात एकेका खाटेवर दोन-दोन मुलं झोपवावी लागली आणि त्यातली बरीच घरी परत आली नाहीत. शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईंची भाची त्यांतलीच एक. त्या आज तिसऱ्या रांगेत वहिनीचा, म्हणजे त्या मुलीच्या आईचा, हात धरून बसल्या होत्या आणि मनातल्या मनात धुमसत होत्या.

पाणी का नासलं हे काही गूढ नव्हतं. जलशुद्धीकरण केंद्रातलं क्लोरीन सोडणारं जुनं यंत्र बंद पडलं. नवं यंत्र आलंही. पण ते लाकडी पेटीत, ताडपत्रीखाली, आवारात पडून राहिलं, कारण पाणीमंत्र्यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन व्हायचं होतं आणि पाणीमंत्र्यांना तारीख मिळत नव्हती. पेटीला बांधलेली लाल फीत उन्हाने पार विटून गेली. येणाजाणाऱ्याला ती कुंपणातून दिसायची. शहर तोवर तसंच पाणी पीत होतं.

पगार, बंगला आणि पुढेमागे धावणाऱ्या गाड्या घेताना आपण खात्याचे प्रमुख आहोत हे मंत्रिमहोदयांना पक्कं आठवत असे. जाब विचारला की मात्र खातं कुठल्या गल्लीत आहे हेही ठाऊक नसल्यासारखा चेहरा करत. त्यांनी केंद्रातल्या पंपचालकाला घरी बसवलं आणि हात झटकले. वहिनीने तेवढ्यावर गप्प न बसता मंत्र्यांविरुद्ध तक्रार केली, चौकशी लागली. तेव्हा मंत्र्यांना पाण्याकडून न्याय करवणारे जलबाबा आठवले. मंत्री आणि पंपचालक दोघांनी पाण्यात हात बुडवायचे, आणि पाण्याने मंत्र्यांना निर्दोष ठरवलं तर वहिनीने तक्रार मागे घ्यायची, असं चारचौघांत ठरलं.

"तू हे कबूल का केलंस गं?" बाईंनी घरी विचारलं होतं.

"ताई, जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पोरगी कुणामुळे गेली, एवढं तरी कुणी सांगेल का मला?"

बाईंनी मग तिच्याबरोबर यायचं ठरवलं.

जलबाबा मंचावर आले. पांढरी शुभ्र कफनी, कानाला माइक. "जल म्हणजे विश्वाची स्मरणशक्ती! प्रत्येक थेंबात कंपनं आहेत, कंपनांत सत्य आहे, आणि सत्याला फक्त शुद्ध हात लागतात!" टाळ्या पडल्या. अर्थ कोणाला कळला नव्हता, म्हणूनच पडल्या असाव्यात.

एकाच घागरीतून दोन काचेच्या पात्रांत पाणी ओतलं गेलं. मग हातांची 'शुद्धी'. मंत्र्यांच्या हातांवर चांदीच्या डबीतली पांढरी पूड चोळली, पंपचालकाच्या हातांवर पितळेच्या डबीतली.

"बाबा, आग होतेय हातांची," पंपचालक पुटपुटला.

"पाप भाजतंय!" बाबा गरजले.

मंत्र्यांनी हात बुडवले. पाणी जरा गढुळलं, रंग काही आला नाही. पंपचालकाने बुडवले आणि पात्रभर लाली पसरली. सभागृह किंचाळलं. "रक्त! रक्त!" पंपचालक रडू लागला. वहिनी उठली आणि तक्रार मागे घ्यायला माइककडे निघाली.

बाई मात्र त्या रंगाकडे बघत राहिल्या. रक्त कुठलं? हा तर झकास गुलाबी. हे रक्त असेल तर आपल्या प्रयोगशाळेत दर आठवड्याला खून पडतात! वहिनीला मागे टाकून त्या मंचावर चढल्या.

"बाबा, एक शंका. दोघांना वेगवेगळी शुद्धी का?"

"मंत्र्यांचं पद उच्च आहे, बाई."

"मग त्यांना साधी शुद्धीही सोसेल. चोळा ही पितळेच्या डबीतली पूड त्यांच्या हातांना."

"परीक्षा एकदाच होते!"

"का? पाणी दमतं का?"

मागून कोणीतरी खो-खो हसलं. मग हाकाटी सुरू झाली, "चोळा! चोळा!" मंत्र्यांना 'नाही' म्हणायची सोय उरली नाही. त्यांनी हात पुसले, पितळेच्या डबीतली पूड चोळली, आणि आपल्याच पात्रात पुन्हा बुडवले. पाणी गुलाबी झालं.

"मंत्रीच पापी! पाण्याने सांगितलं!" लोक खुर्च्यांवर चढले. वहिनीचे डोळे चमकले.

क्षणभर बाईंना वाटलं, असू दे. माणूस दोषी आहेच, आणि भाची परत येणार नाही. पण हेच पाणी उद्या दुसरा बाबा दुसऱ्या कोणासाठी रंगवेल. त्यांनी बाबांच्या ताटातलं लिंबू उचललं, कापलं आणि मंत्र्यांच्या पात्रात पिळत राहिल्या. गुलाबी रंग विरला.

"बघा, लिंबाने पापही धुतलं!" बाई म्हणाल्या. "घागरीत फिनॉल्फ्थॅलीन आहे. ते सोड्याला गुलाबी होतं, आंबटाला विरतं. पितळेच्या डबीत धुण्याचा सोडा, चांदीच्या डबीत अंगाला लावायची पावडर. नववीची मुलं करतात हा प्रयोग. पाण्याने मंत्र्यांना सोडलं नाही आणि पकडलंही नाही. पाण्याला काही कळत नाही!"

वहिनीचा चेहरा पडला. "मग ताई, मी विचारू कुणाला?"

"ज्याला उत्तर द्यायचा पगार मिळतो त्याला. तो समोर बसलाय."

वहिनीने माइक घेतला. "साहेब, यंत्राची पेटी बंद का होती?"

मंत्र्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा मागच्या दाराकडे पाहत होते.

"ते... तांत्रिक बाब आहे. खालच्या पातळीवर..."

"मी उघडू का म्हणून विचारलं होतं," पंपचालक डोळे पुसत म्हणाला. "साहेबांकडून निरोप आला, फीत कापल्याशिवाय हात लावायचा नाही."

"असा निरोप दिला होतात का?" वहिनी म्हणाली. "हो की नाही?"

मंत्री उठू लागले. "आमचा पुढचा कार्यक्रम..."

"बसा," पहिल्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ शांतपणे म्हणाले. त्यांचा नातू गेला होता. मग खिडकीतून कोणी म्हणालं, "बसा." जिन्यावरूनही आवाज आला, "बसा."

मंत्री बसले. त्यांचे हात अजून सोड्याने चुरचुरत होते, पण तिकडे आता कोणी पाहत नव्हतं. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते, आणि वहिनीने तोच प्रश्न पुन्हा विचारला.