काळ्या कणसांचा आळ

सत्यभामाबाईला संशय घ्यायला कारण लागतच नसे. यंदा तर कारण ढळढळीत शेतात उभं होतं. ज्वारीची कणसं वरून भरलेली, पण दाणा चिमटीत दाबला की आतून काळी भुकटी. निम्मं शेत काणी रोगानं खाल्लं होतं.

"हे त्या साखरखेर्ड्याच्या पोरीचं काम हाये," ती नवऱ्याला, महादेवरावांना म्हणाली. "पेरनीच्या दिशी बियान्यात हात घालून पुटपुटून राह्यली होती. म्या माह्या डोयानं पाह्यलं."

पोरगी म्हणजे कोकिळा, वैशाखात घरात आलेली सून. पेरणीची पहिली मूठ नव्या सुनेनं टाकायची, ही ह्या घरची रीत. म्हणजे मूठ टाकायला लावणारी सत्यभामाबाई आणि आळ घेणारीही तीच! पोरगी देवाचं नाव घेत असेल, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. कणसं काळी निघाल्यापासून बाईनं सुनेच्या हातचं पाणी सोडलं. तिनं वाढलेल्या भाकरीचा पहिला तुकडा कुत्र्याला टाकायची आणि कुत्र्याकडे बघत बसायची. कोकिळा हसली तर का हसली, गप्प बसली तर कुणाचं वाईट चिंतते? काय करावं त्या पोरीनं!

"तिले माहेरी धाडा अन् कायमची फारकत करा," बाईनं हट्टच धरला.

"पुरावा आन," महादेवराव म्हणाले. "त्याबिगर मी रंगरावचा संसार मोडनार नाई."

लेकाचा संसार बापाला मोडवेना, पण आई कसली थांबते! तिनं बांगड्या भरायला आलेल्या कासाराबरोबर परस्पर साखरखेर्ड्याला निरोप धाडला: तुमची पोरगी अपशकुनी हाये, घेऊन जा. आणि कासार म्हणजे काय, दहा घरी हात धरणार आणि दहा घरी सांगणार.

मेहकरच्या बाजारात शेतकी खात्याचे एक साहेब बारकं मोठं करून दाखवणारी खुर्दबीन मांडून बसलेत असं कळलं, तशी बाई पुराव्यासाठी पदरात कणीस बांधून निघाली. साहेबावरही तिचा भरवसा नव्हता. तो काचेवर काय ठेवतो, कुठून काढतो, सगळ्यावर तिची नजर होती.

"साहेब, याच्यात कोनं काय कालवलं ते सांगा."

साहेबांनी नळीतून पाहिलं. "कुणी काही कालवलेलं नाही. ही बुरशी आहे, बाई. भुकटीतले हे बारीक गोळे बियाण्याला चिकटून गुपचूप पडून असतात. बी रुजलं की तेही जागे होतात. दोन जुळणारे जवळ आले की आपल्या अंगच्या रसानं एकमेकांना खूण करतात, आणि गोल आकार सोडून धागा होतात. तो धागा कोंबात शिरतो आणि झाडाबरोबर आतल्या आत वाढतो. कणीस येईपर्यंत बाहेर काही दिसत नाही."

"मंग पेरनीलेच लागलं ना ते?"

"छे! चिकटलं मागच्या मळणीला. तुमच्या खळ्यावर काळी कणसं होती का?"

बाईच्या तोंडचं पाणीच पळालं. होती. तिनंच टांगली होती. भरल्या राशीला शेजाऱ्यांची नजर लागू नये म्हणून काळी कणसं वेचून त्यांचा घोस खळ्याच्या मधल्या खांबाला, मेढीला, तिनं आपल्या हातानं बांधला होता. बैल फिरत होते, मेढ हादरत होती, भुकटी धान्यावर पडत होती, आणि यंदाचं बियाणं त्याच राशीतलं होतं. ही पौषातली गोष्ट. कोकिळेची तेव्हा सोयरीकसुद्धा झाली नव्हती.

ती घरी पोचली तेव्हा कोकिळेचा बाप कडूबा गाडी जुंपून दारात उभा होता. पोरगी बोचकं घेऊन गाडीत बसलेली.

"उतर बाई," सत्यभामाबाई म्हणाली. "चूक माही होती. म्याच काळी कनसं खळ्यात टांगली. तुह्या हातानं काई झालं नाई."

कोकिळा उतरली नाही.

"आत्याबाई, हे तुमी मले सांगून राह्यल्या. मले तं ठाऊकच होतं. साखरखेर्ड्यात घरोघर माहं नाव झालं. माही माय पान्याले गेली का बाया बाजूले सरकतात. त्याहिले कोन सांगन?"

कडूबानं कासरा ओढला.

"थांबा, इवाई!" सत्यभामाबाई ओरडली. चाकावर पाय देऊन, सगळ्या गल्लीच्या देखत ती गाडीत चढली.

"सरक जराशी," ती सुनेला म्हणाली. "मी येतो सांगाले."