दुरसुनची म्हातारी कबुतरं

खाणीत तीस वर्षं काढली, नाकाला सगळे वास पाठ आहेत. पण इथं जर्मनीत, गेल्झेनकिर्खनच्या परदेशी लोकांच्या कचेरीत ओल्या कोटांचा, शिळ्या कॉफीचा आणि लाचारीचा असा काढा उकळत असतो, की मेलेला उंदीरसुद्धा नाक दाबून उठून जाईल. तिथं मी दुरसुनशेजारी बसलो होतो.

दुरसुन माझा खाणीतला जोडीदार. बारा वर्षांमागं निवृत्त झाला आणि बायको एमिनेला घेऊन तुर्कस्तानात झोंगुल्डाकजवळच्या आपल्या गावी गेला. इथला कायमच्या वास्तव्याचा परवाना मागं आपोआप मेला. आता एमिने तिकडच्या मातीत आहे. इथं लेक सेव्गी डायलिसिसवर, तिच्या दोन पोरांना बघायला कुणी नाही. परवाना जिवंत झाला तरच दुरसुन राहणार, नाहीतर परत विमानात.

"कायमचे गेला होतात की तात्पुरते?" टेबलापलीकडच्या व्हीचोरेकसाहेबांनी विचारलं. "कायमचे असाल तर विषय संपला."

"तात्पुरता," दुरसुन पुटपुटला.

"पण कबुतरं नेलीत म्हणे. माझे वडीलही खाणीतलेच, माळ्यावर खुराडं होतं आमच्या. आपल्या वस्तीत माणूस बायको मागं ठेवील, पण कबुतरं नेली म्हणजे गेलाच की." साहेब पुढं वाकले. "पिल्लं नेलीत की जुनी?"

झालं! जुनं कबूतर नव्या गावात सोडलं की सरळ आपल्या जुन्या खुराड्यात परत येतं. ज्याला मुळं रोवायची तो पिल्लंच नेतो. दुरसुननं पिल्लंच नेली होती. टोपली मीच भरली होती. आणि हा हरिश्चंद्र तोंड उघडायला लागला! मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर बूट हाणला आणि मीच बोलायला लागलो.

"म्हातारी, साहेब! एकजात म्हातारी! एक तर सोडल्यासोडल्या निघालं, व्हिएन्नात दाणे टिपले आणि माझ्या दारात हजर. चोचीनं घंटा वाजवली, मी उघडेपर्यंत पायरीवरच घोरायला लागलं."

साहेब हसले. मला ते हसू बुरशीच्या पावासारखं वाटलं.

"बरं. मग तसं लिहून द्या: 'त्या गावाला मी कधीच घर मानलं नाही. नुसता मुक्काम होता.'"

दुरसुनचा पेन हवेतच राहिला. "रझ्या, हे काय लिहून मागतायत? ते घर मी या हातांनी बांधलं. माझी बायको निजलीय तिथं."

"उद्या सेव्गीला दवाखान्यात जायचंय. सही कर."

त्यानं सही केली. साहेबांनी शिक्का मारला आणि हात पुढं केला. "स्वागत आहे!"

तो हात तसाच लोंबत राहिला. बाहेर पायरीवर दुरसुन खाणीतल्यासारखं काळंभोर खाकरून थुंकला.

"अरे, मिळाला ना परवाना?" मी म्हणालो.

"मिळाला. आधी एमिनेच्या कबरीवर थुंकायला लावलं, मग म्हणतात स्वागत. आणि तू रे, तुझं तोंड आठवडाभर दाखवू नकोस."

दहा पावलं गेला, थांबला, आणि वळून न बघताच ओरडला, "पोरांची शाळा किती वाजता असते?"