तीन टेप अंतर

शिंपीकाकांनी टेपचं पितळी टोक कोपऱ्यावरच्या फुटपाथच्या कडेला टेकवलं, गुडघ्यावर हात देत वाकून टेप पूर्ण ताणली आणि रस्त्यावर खडूने रेघ मारली. एक. तिथून पुढे दुसरी. शिंप्याची टेप साठ इंचांची, म्हणजे पाच फुटांची. तीनदा अंथरली की पंधरा फूट. कोपऱ्यापासून पंधरा फुटांच्या आत गाडी लावायची नाही, हा नियम या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता, कारण तो शिकवणारी बाई भलतीच खमकी होती. आणि आज त्या बाईचीच स्कूटर तिसरी टेप पुरी व्हायच्या आधी उभी होती.

"दोन टेप आणि चाळीस इंच!" काका सरळ होत म्हणाले. आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचेल इतपत मोठा होता. "वीस इंच कमी. जवळजवळ एक बाही!"

पार्किंग तपासनीस बाई औषधांच्या दुकानाच्या पायरीवर उभी होती. अंगावर गणवेश, एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात आईसाठी घेतलेला दम्याचा पंप. जुना संपत आलाय असा आईचा फोन आला तेव्हा ती अशी घाबरली की स्कूटर कुठे टेकवली हेही तिने पाहिलं नव्हतं. गल्ली तिला पावतीबाई म्हणायची, अर्थात पाठीमागे. वर्षभरात तिने इथे कुणालाही सोडलं नव्हतं. शिंपीकाकांच्या नावाने तर तीन पावत्या फाडल्या होत्या.

"आईसाठी औषध घ्यायला आल्यात त्या," औषधवाला काउंटरवरून म्हणाला. "जाऊ द्या की काका."

"मी कुठे अडवतोय?" काकांनी टेप गळ्यात टाकली. "फक्त विचारतो. माझ्या बायकोला दोन पावलं टाकवत नव्हती, तिला दारात उतरवायला मी गाडी लावली होती. तेव्हा ह्या बाई काय म्हणाल्या होत्या? म्हणाल्या, काका, कारण खरं आहे, पण कोपराही खराच आहे. बायकोच्या गुडघ्याला नियम, मग आईच्या दम्याला नाही?"

सलूनवाला कात्री हातात घेऊनच बाहेर आला होता. आत अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक आरशातून मागे बघत होतं. बाईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. काकांचा एकेक शब्द खरा होता, आणि खऱ्यापुढे गणवेशाचाही काही उपयोग नसतो.

नेमके तेव्हाच साहेब आले. नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं म्हणतात ते हे असं. बाईच्या उमेदवारीचं वर्ष आज संपत होतं. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, याचा शेरा साहेब तिचं काम प्रत्यक्ष पाहून आज लिहिणार होते. त्यांनी समोरच्या वळणावर गाडी उभी केली, काखेत फाईल मारली आणि गर्दीतून वाट काढत ते आत आले. काय झालं ते सांगायला दहा तोंडं तयारच होती.

साहेबांनी तिला जरा बाजूला घेतलं.

"कारवाईसाठी थांबवलेल्या गाडीला सूट असते," ते हळू आवाजात म्हणाले. "तसं सांगा आणि मोकळ्या व्हा. आजच्या दिवशी तुमच्या नावावर पावती नको."

"कुठली कारवाई, साहेब? मी पंप घेत होते."

"ते तुम्हाला आणि मला माहीत."

बाईने गल्लीकडे पाहिलं. माहीत सगळ्यांना होतं. तिने पंप नीट खिशात घातला, हेल्मेट स्कूटरच्या सीटवर ठेवलं आणि पावतीपुस्तक काढलं. गाडीचा नंबर तिला बघावा लागला नाही. जागा, वेळ, अंतर: दोन टेप आणि चाळीस इंच, म्हणजे तेरा फूट चार इंच. मालकाच्या रकान्यात तिने स्वतःचं नाव घातलं, तपासनीसाच्या रकान्यात पुन्हा तेच. खाली साक्षीदाराची सही लागत होती. तिने पुस्तक साहेबांपुढे धरलं. साहेब फाईलचा बंद सोडून पुन्हा बांधत राहिले.

मग तिने ते शिंपीकाकांपुढे धरलं.

या दिवसाची काका वर्षभर वाट पाहत होते. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, पावती वरपासून खालपर्यंत वाचली आणि सही केली. पण पेन परत देताना त्यांच्या तोंडावर म्हणावं तसं हसू नव्हतं. वर्षभर ज्या पतंगामागे धावावं तो आपण होऊन हातात यावा, तसं त्यांना वाटलं असावं.

"झालं का?" साहेब म्हणाले. "चला, मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

"साहेब, एक मिनिट."

बाई समोरच्या वळणाकडे बघत होती. साहेबांनीही मान वळवली. तिकडे काय आहे हे त्यांना पाहायची गरज नव्हती, तरी पाहिलं.

"मी कामासाठी आलोय," ते म्हणाले.

"शेरा लिहायला आलात. ती कारवाई नाही, साहेब."

सलूनवाल्याच्या हातातली कात्री उघडी ती उघडीच राहिली. बाईची वर्षभराची नोकरी साहेबांच्या काखेत होती. मापायला तिच्याकडे लोखंडी टेप होती, ती स्कूटरच्या डिकीत. ती काढायला ती वळली, तर शिंपीकाका रस्ता ओलांडून समोरच्या कोपऱ्यावर जाऊन वाकलेसुद्धा होते.

"हे टोक मी धरतो, बाई," ते म्हणाले. "तुम्ही पुढे चला."

तिने टेपचं दुसरं टोक घेतलं. फार चालावं लागलं नाही. पहिलीच टेप पुरी व्हायच्या आत चाक आलं.

तेवढ्यात पलीकडची शाळा सुटली. दप्तरांचा लोंढा कोपऱ्यावर येऊन अडला. पुढची एक चिमुरडी साहेबांच्या गाडीच्या टोकाशी आली आणि रस्ता दिसेना म्हणून मान लांब करून बाहेर डोकावू लागली. बाईने एक हात तिच्यापुढे आडवा धरला. वळणावरून टेम्पो गेला. हात खाली आला, पोरं पार झाली. साहेब ते सगळं उभ्या उभ्या बघत होते.

"सही कुठे करायची?" त्यांनी विचारलं.

बाईने लिहिलेल्या पावतीवर साहेबांनी सही केली. साक्षीदार म्हणून काकांनी पुन्हा सही ठोकली, या वेळी नावाखाली रेघ ओढून. मग साहेब गाडीत बसले आणि काका मागे उभे राहून दोन्ही हातांनी खुणा करत गाडी मागे घेऊ लागले.

"येऊ द्या, येऊ द्या... अजून येऊ द्या... बस्स!"

गल्लीत कुणीतरी टाळी वाजवली आणि मग टाळ्यांचा पाऊस पडला. बाईला हसू आवरेना. आता नोकरी राहो की जावो, असं हसू वर्षभरात तिला आलं नव्हतं.

साहेबांनी काचेमागे फाईल उघडून दोन ओळी लिहिल्या. काय लिहिलं ते तिने विचारलं नाही. जाताना त्यांनी काच खाली केली.

"उद्यापासून चौकात या," ते म्हणाले. "तिथे आपल्याच खात्याच्या गाड्या फार लागतात."

गाडी गेली. बाई रस्त्यावर तशीच उभी राहिली. डोळे भरून आले होते, ते पुसायचंही तिला सुचलं नाही. मग तिने आपली स्कूटर खडूच्या रेघेबाहेर ओढली आणि शेजारी उभ्या असलेल्या काकांच्या गाडीकडे बोट दाखवलं.

"आणि ही, काका?"

"मापा."

तिने मापली. तीन टेप भरून वर चार बोटं उरली.

"तिसऱ्या पावतीनंतर रोज सकाळी मापून लावतो," काका टेप गुंडाळत म्हणाले. "निघा आता. आई वाट बघत असेल."