उपाशीपोटी आणलेली सून

सकाळपासून चांगुणाबाईंनी सुनेला पाण्याचा घोटही घेऊ दिला नव्हता. उपाशीपोटी आणा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आज सुकेशनीची गर्भपिशवी काढायची होती. वय सव्वीस, पदरी दोन लेकरं, आणि दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचं.

ताडकळसहून परभणीला येताना बसमध्ये सुनेची समजूत त्यांनीच घातली होती. "फडात ना आडोसा, ना पाणी. पाळीत खाडा झाला की मुकादम दंड लावतो. माझी तर पंचविसातच काढली. सुटले का न्हाई मी?"

"सुटल्या म्हणून रातीला घामानं भिजून उठून बसता व्हय, आत्याबाई? तिशीतच कंबर धरली म्हणं तुमची."

तेव्हापासून चांगुणाबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. दवाखाना तोच, जिथं त्यांची पिशवी काढली होती. तेव्हा दारात कडुनिंब होता, त्याच्या सावलीत त्यांची बैलगाडी सोडली होती. आता तिथं चकचकीत फरशी, आणि थोरल्या डॉक्टरांच्या खुर्चीत त्यांचा मुलगा. चांगुणाबाई बाकावरून उठत, दारापर्यंत जात, परत येत.

आत बोलावल्यावर सुकेशनी हळूच म्हणाली, "अंगावरून पांढरं जातंय. ओटीपोट लय दुखायलंय."

डॉक्टरांनी तपासलं नाही. सहीचा कागद पुढे सरकवला. "दोन लेकरं झाली ना? मग ठेवून काय करायची? उद्या कॅन्सर झाला म्हणजे?"

चांगुणाबाई दचकल्या. शब्दन् शब्द तोच.

"साहेब, थोरल्या साहेबांनी मलाबी हेच सांगितलं होतं. आमच्या समद्याच बायांच्या पोटात एकच रोग कसा?"

"आजी, तुम्हाला जास्त कळतं की मला?"

"तुम्हालाच. म्हणून तर इचारते. तुमच्या मंडळीला लेकरं किती?"

"दोन. का?"

"मग त्यांची काढली का?"

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "सही करायची नसेल तर बाहेर बसा!"

बाहेर सुकेशनीचा नवरा धम्मपाल मुकादमाशी फोनवर बोलत होता. चांगुणाबाईंनी त्याच्यासाठी आणलेलं भाकरीचं फडकं सोडलं आणि सुनेपुढे धरलं. "खा."

"आत्याबाई, खाल्लं तर आज भूल देणार न्हाईत."

"म्हणूनच खा."

"माय!" धम्मपालनं फोन कानावेगळा केला. "येडी झालीस का? मुकादमाला काय सांगू आता?"

"सांग, आधी सरकारी दवाखान्यात तपासून औषध घ्यायचंय. खाडा झाला तर होऊ दे."

सुकेशनीनं नवऱ्याकडं पाहिलं, मग भाकरी मोडली. कुणी हिसकावून घेईल अशी भराभर खाऊ लागली. आतून नर्सनं तिचं नाव पुकारलं. शेवटचा घास गिळून होईतो चांगुणाबाई दार अडवून उभ्या राहिल्या.