वडनेरची सहा निरोगी माणसं

चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात तुळशीरामचा डावा गुर्दा नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात काढला. लघवीतून रक्त जात होतं, गुर्द्यावर लिंबाएवढी गाठ होती, आणि ती कॅन्सरची निघाली. महिन्याभराने तो वडनेर भोलजीला परतला, तेव्हा भेटायला येणाऱ्याला तो गाठीपेक्षा पुढचीच गोष्ट जास्त सांगायचा. त्याचा गुर्दा फेकला नव्हता. त्याचे बारीक काप करून डॉक्टर पांढरीपांडे ते रोज तपासत होते.

हे डॉक्टर तरुण होते आणि एकाच गोष्टीच्या मागे लागले होते. गाठ झालेल्या माणसाच्या लघवीत असा काही पदार्थ उतरतो का, की ज्यावरून रक्त दिसायच्या आधीच, पोट न फाडता रोग ओळखता येईल? गुर्द्याचे काप होते, तुळशीरामची लघवी होती. पण ताडून बघायला त्याच्याच वयाच्या, त्याच्यासारखीच ज्वारीची भाकर खाणाऱ्या निरोगी माणसांची लघवी हवी होती, तीही पूर्ण एका दिवसाची. सहा माणसं पुरे, असं ते म्हणाले. निवडायचं काम तुळशीरामने आपणहून अंगावर घेतलं.

आधी सगळ्यांनी तोंडं फिरवली. असलं काही बाटलीत भरून द्यायचं म्हणजे काय! पण नागपूरहून जीप येणार आणि नावं कागदावर लिहून घेणार, हे कळल्यावर हवा बदलली. तुळशीराम ओट्यावर बसून एकेकाची चौकशी करू लागला. बिडी ओढणारे बाद, खोकणारे बाद. भगवानराव निवडीत बसले, नारायणरावही बसले, पण दात पडले म्हणून नारायणरावांवर दोन दिवस विचार झाला.

उकंडरावला मात्र त्याने विचारलंच नाही. दोघांची शेतं लागून होती आणि मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चार वर्षं बोलणं बंद होतं. पंचावन्नाव्या वर्षीही पोतं पाठीवर घेणारा उकंडराव हा अपमान गिळणारा नव्हता. तो अंगणात येऊन उभा राहिला आणि तुळशीरामच्या बायकोला, अंबूबाईला, म्हणाला, त्याले विचारा, माह्यात काय खोट हाये. तुळशीराम तीन हातांवर बसला होता. त्यानेही तिलाच सांगितलं, की याले सांग, जागा भरल्या. असे चारपाच निरोप इकडून तिकडे गेल्यावर अंबूबाईने सूप खाली ठेवलं.

"मी काय तार ऑफिस हाओ काय?" ती म्हणाली. "नारायणराव लेकीकडं नांदुऱ्याले गेले. त्यायची बाटली उकंडभाऊले द्या, अन् मले काम करू द्या."

ठरल्या दिवशी सहाही जण बाटल्या सांभाळत फिरत होते. भगवानराव ती धोतराच्या सोग्याखाली झाकून शेतात गेले. एक जण थेंब वाया जाईल या भीतीने घराबाहेरच पडला नाही. उकंडरावची बाटली दुपारीच भरली. त्याने दुसरी मागून नेली आणि भगवानरावांची अजून अर्धीही झाली नाही, हे गावभर सांगितलं. ही शर्यत नव्हे, हे त्याला कुणी समजावलं नाही. आपण निवडलेला माणूस मागे पडला, हे तुळशीरामला तर लागलंच.

सकाळी बाटल्या ओट्यावर ओळीने ठेवल्या. अंबूबाई झाडायला आली तर मुंग्यांची रांग थेट उकंडरावच्या दोन बाटल्यांकडे चाललेली, जिथे तोंडाशी ओघळ आला होता. तिने झटकल्या, त्या परत आल्या. बाकीच्या बाटल्यांकडे एकही फिरकत नव्हती. उकंडराव म्हणाला, मुंग्यायलेबी समजते चांगला माल कोनता.

जीप आली. डॉक्टरांनी मुंग्या पाहिल्या आणि ते हसले नाहीत. तहान किती लागते, त्यांनी उकंडरावला विचारलं. उकंडरावने अभिमानाने सांगितलं की दिवसाला घागर संपते. वजन? धोतर आता दोन बोटं जास्त आवळावं लागतं, अंग हलकं झालंय. पायाची जखम तीन महिने ओली होती, तेही त्याने ताकदीच्याच हिशेबात सांगितलं. डॉक्टरांनी नळीत थोडं निळं औषध घेतलं, त्यात थेंब टाकले आणि अंबूबाईच्या चुलीवर नळी तापवली. निळा रंग हिरवा झाला, मग विटेसारखा लाल.

"तुम्हाला मधुमेह आहे," ते म्हणाले. "बराच वाढलेला."

"पन मी तं निवडेल मानूस हाओ," उकंडराव म्हणाला.

मग तुळशीरामने, चार वर्षांत पहिल्यांदाच, सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"काऊन बे, इतकं पानी पिऊन राह्यला होता, तं कोनाले सांगतलं काऊन नाई?"

"कोनाले सांगू? बाजूच्या वावरात तू होता. तू तं बोलत नव्हता."

तुळशीरामने उठून उकंडरावसाठी खाटेवर घोंगडी टाकली.

उकंडरावच्या गोळ्या सुरू झाल्या, गूळ बंद झाला. दर तीन महिन्यांनी दोघं नांदुऱ्याहून एकाच गाडीने नागपूरला जाऊ लागले, एक गुर्द्यासाठी, दुसरा साखरेसाठी. डॉक्टरांना हवा होता तो पदार्थ वर्षभरानेही सापडला नव्हता. त्यांनी ते मोकळेपणाने सांगितलं: एवढ्याशा माणसांवरून काही ठरत नाही, शेकडो लागतील, आणखी पुष्कळ वर्षं लागतील. तुळशीरामला ही गावाची नाचक्की वाटली. त्याने मान खाली घालून विचारलं, आमच्या मालात काही कमी पडलं का. नाही, डॉक्टर म्हणाले, आणि त्या दिवशी ते पहिल्यांदा पोटभर हसले.

परतीच्या गाडीत उकंडराव बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून प्यायला. नांदुऱ्याआधीच्या जळंब स्टेशनपर्यंत तो डॉक्टरांबद्दल बोलत होता, आणि तुळशीराम खिडकीकडे बघत हो हो म्हणत होता.