सतरा नावं

मेळाव्याच्या आदल्या दिवशी शेजारची राजकन्या आमच्या ओट्यावर येऊन बसली. माझ्या शिवांगीला मांडीवर घेतलं, टाळूवरून हात फिरवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "उज्वला, तू शिकलेली हायस. नांदेडला कालेजात भाषणाची बक्षिसं घेतलीस. उद्या माझं तेवढं सांग."

सांगायचं एवढंच होतं. गावच्या आरोग्य उपकेंद्राला वर्षभर कुलूप आहे, सिस्टर नाही. उन्हाळ्यात राजकन्याला कळा सुरू झाल्या, ऑटोत घालून मुखेडच्या दवाखान्याकडं नेलं, बाळ वाटेतच जन्मलं आणि वाटेतच गेलं. माझी शिवांगी त्याच्याहून नऊ दिवसांनी मोठी.

"पाठ केलंय गं मी," म्हटलं. केलंही होतं. लेकीला पाजताना, भाकरी थापताना. कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा, सगळं.

नांदेडला भला मोठा मांडव होता. गावोगावच्या बचत गटांच्या चार-पाच हजार बाया. आमच्या भागातर्फे बोलायला मी. गटांचं काम बघणाऱ्या लुंबिनीताईंनी पायरीशीच कागद हातात दिला. "ही मंचावरची नावं. क्रमानं घे. एकबी सोडू नको बरं, लोकं रुसतात. पाच मिनिटं हायत."

चौदा नावं होती. शिवांगीला राजकन्याकडं दिलं. ती तिला घेऊन तिसऱ्या रांगेत बसली.

आमचे सर सांगायचे, नाव घेताना त्या माणसाकडं बघायचं, हुद्दा पुरा घ्यायचा, टाळीला जागा ठेवायची. तसंच केलं. माझाच आवाज भोंग्यांतून माझ्याकडं परत येत होता, भरदार. लग्नापासून तो कुणी ऐकला नव्हता, मीही नाही. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

नाव घेतलं की माणूस उठायचा, हात जोडायचा, टाळ्या संपायची वाट बघायचा. अकराव्या नावाला कुणीतरी चिठ्ठी आणून दिली. आणखी तिघं आले होते. मी त्यांनाही मानाप्रमाणं मधे बसवलं, कुठं अडखळले नाही.

सतरावं नाव संपलं आणि घंटा वाजली.

माईक माझ्याच हातात होता. कुणी घ्यायला आलं नाही. तिसऱ्या रांगेत राजकन्यानं शिवांगीला मांडीवर उभं केलं, तिचं तोंड माझ्याकडं वळवलं. कुलूप हा शब्द जिभेवर आला होता. एका दमाचं काम. पण घंटेनंतर बोललं की गुण कापतात. पाच वर्षं स्पर्धा केल्या, घंटेच्या पुढं मी कधी गेले नव्हते.

"एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते. धन्यवाद."

मांडव दणाणला. मंचावरचे एक साहेब शेजारच्याला म्हणाले, "बघा, खेड्यातली बाई, पण काय आत्मविश्वास!" शाल मिळाली, नारळ मिळाला.

परतीच्या गाडीत माझ्या सासूबाई नागाबाई सगळ्यांना सांगत होत्या, "सतरा नावं! एक चुकली न्हाई सून माझी." बाया हसत होत्या. राजकन्या खिडकीशी, शिवांगी तिच्या खांद्यावर. मी हात पुढं केले.

"राहू दे. झोपलीय."

मग म्हणाली, "छान बोललीस."

"वेळ संपला गं."

"हाव. घंटा ऐकली की मी." तिनं लेकीच्या पाठीवर थोपटलं. "त्याचं नाव माउली ठेवणार हुते. तुला सांगायचंच राहिलं बघ. लिहून दिलं असतं तर घेतलं असतंस न्हवं, त्यांच्यासंगं?"

गाव आल्यावर तिनं शिवांगीला माझ्या हातात दिलं, झोप मोडणार नाही अशा बेतानं, आणि पुढं निघून गेली.

राजकन्यासाठी पाठ केलेलं आता मला सलग आठवत नाही. ती सतरा नावं मात्र हुद्द्यांसकट तोंडावर आहेत.