दोन व्याह्यांची शपथ

मुदोझोला खोटं बोलता येत नाही, हे आमच्या नागा डोंगरांतल्या झुलेसू गावात शेंबडं पोरसुद्धा जाणून होतं. एकदा बायकोनं त्याच्यासाठी तीन महिने खपून शाल विणली आणि हौसेनं विचारलं, "कशी झालीय?" तर ह्या गृहस्थानं उत्तर दिलं, "कड वाकडी आलीय." पुढचे चार दिवस त्याला गार भात खावा लागला. तीस वर्षं चर्चचा डीकन, बावीस वर्षं गावबुढा, म्हणजे गावचा मुखिया. सरकारनं गावबुढ्याला दिलेली लाल शाल त्याच्या खांद्यावरून कधी उतरली नाही. मग शपथ घ्यायला गावानं त्याचंच नाव पुढे केलं, तर त्यात नवल कसलं?

भानगड अशी झाली, की सरकारनं नवा जिल्हा पाडला आणि हद्द वरचं झुलेसू आणि खालचं केतामी या दोन गावांच्या मधून काढायची ठरली. आता मधून म्हणजे नक्की कुठून? डोंगराच्या सोंडेवर वाडवडिलांनी रोवलेले दोन उभे दगड आहेत, एक वर, एक खाली. मध्ये जंगल आणि तीन झरे. झुलेसूवाले म्हणत, हद्द खालच्या दगडाला, झरे आमचे. केतामीवाले म्हणत, छट्, वरच्या दगडाला, झरे आमचे. मोजणीदार तीनदा आले आणि तिन्ही वेळा नकाशा वेगळा निघाला. कोर्टात अकरा वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात झऱ्यावर दोन्हीकडच्या तरुणांची डोकी फुटली. आणि दोन्ही गावांच्या वेशीवर पाटी मात्र एकच, 'हा देश ख्रिस्ताचा'! प्रभू एक, गाणी एक, व्यासपीठावर चढलं की सगळे नागा भाऊ भाऊ. खाली उतरून हंडा घेऊन झऱ्यावर गेलं, की डोक्यात धोंडा.

शेवटी दोन्ही गावांनी एसडीओ, म्हणजे प्रांतसाहेब, लानू सरांकडे एकच मागणी केली, "आम्हाला शपथ द्या."

लानू सर दुसऱ्या जमातीचे, वयानं तरुण, शिकलेले. पण तेही नागाच. मागणी ऐकून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण शपथ म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. दोन्हीकडून एकेक माणूस पुढे येतो आणि आपल्या सगळ्या कुळाच्या जिवाची शपथ घेतो. मग वर्षभराच्या आत ज्याच्या कुळात मरण येईल, तापानं येवो, झाडावरून पडून येवो, तो खोटा ठरतो. शपथ नाकारील तो हरतो, पण समोरच्यालाही स्वतः शपथ घेतल्याशिवाय जमीन मिळत नाही. पलीकडच्या खोऱ्यात अशी शपथ झाली होती, तेव्हा एका कुळातून वर्षभरात नऊ शवपेट्या निघाल्या. ते कूळ आजही मान वर करून चालत नाही.

दोन्ही गावांच्या पास्टरांनी विरोध केला. प्रभूनं शपथा घेऊ नका म्हणून बजावलंय, हे त्यांनी परोपरीनं सांगितलं. गावं ऐकेनात. तेव्हा चर्चनं हात टेकले आणि एवढंच मागितलं, की पूर्वीसारखी वाघाच्या दातावर नको, पवित्र शास्त्रावर, बायबलवर घ्या. सरकारनंही फाईलवर तसंच लिहून टाकलं.

केतामीनं नाव दिलं कुदेचोचं. कुदेचो म्हणजे मुदोझोचा व्याही. मुदोझोची एकुलती एक लेक झोवेलू त्याच्या घरात दिलेली, आणि तिचा जोएल आता तीन वर्षांचा.

नाव कळलं त्या सकाळी मुदोझो चुलीपाशी बसून राहिला. चहा निवून गेला.

"आता काय झालं?" बायकोनं विचारलं. "दगड खालचाच आहे ना?"

"खालचाच. आजोबांनी माझा हात त्याच्यावर ठेवून दाखवलाय मला."

"मग खरं ते खरं. घ्या शपथ आणि या घरी."

"अगं, खरं आहे म्हणूनच तर भीती वाटतेय. मी खरा म्हणजे कुदेचो खोटा. मरण खोट्याच्या कुळात येणार. आपला जोएल कुणाच्या कुळातला?"

बायकोच्या हातातली पळी तिथंच थांबली. लेकरू बापाच्या कुळाचं असतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"दुसऱ्या कुणाला पाठवा मग."

"कुणीही घेतली तरी दगड खालचाच राहणार ना."

तो पास्टर वेझोखोकडे गेला. आयुष्यात पहिल्यांदाच चाचरत बोलला. "पास्टर, शपथ घेताना देवाला सांगता येतं का, की एवढं एक लेकरू वगळ म्हणून?"

"एवढं मोठं मला काही ठाऊक नाही, मुदोझो," पास्टर म्हणाला. त्यालाही त्या रात्री जेवण गेलं नाही म्हणतात.

ठरल्या दिवशी सकाळी दोन दगडांच्या मधल्या सपाटीवर दोन्ही गावं जमली. दोनेक हजार माणसं असतील. इतकी माणसं, पण कुणी खोकलंसुद्धा नाही. आयांनी पोरं शालीआड धरली होती. मधे एक टेबल, त्यावर पांढरं कापड आणि कापडावर शास्त्र. लानू सरांनी टोपी काढून काखेत धरली होती. पोलिसांनीही काढली, आणि त्यांना तर कुणी सांगितलंही नव्हतं. देव खरोखरच समोर येऊन बसलाय आणि आता तोंडातून निघेल तो शब्द उचलून नेणार आहे, अशी ती शांतता. तिथं उभ्या असलेल्या एकूण एक माणसाच्या अंगावर काटा आला होता, आणि हे मी उगाच वाढवून सांगत नाही.

आधी मुदोझोला बोलावलं. त्यानं हात ठेवला. पलीकडे केतामीच्या बायकांत झोवेलू उभी होती, पाठीशी बांधलेला जोएल तिची वेणी ओढत होता. मुदोझोनं ते पाहिलं आणि हात उचलला.

"मी घेत नाही."

झुलेसूच्या बाजूनं एकच कल्ला उठला. लानू सरांनी हात वर करून तो थांबवला आणि ते कोरड्या आवाजात म्हणाले, "मग कुदेचो, तुम्ही घ्या."

कुदेचो पुढे आला. त्याच्या चालण्यात कसलीच शंका नव्हती, कारण त्यालाही त्याच्या आजोबांनी हात धरून वरचा दगड दाखवला होता. त्यानं शास्त्रावर हात ठेवला, तोंड उघडलं.

"थांबा व्याही!" मुदोझो जवळजवळ धावलाच. "शपथेची गरज नाही. सर, लिहून घ्या. हद्द वरच्या दगडाला. झरे त्यांचेच. माझ्या आजोबांनी मला... वरचाच दगड दाखवला होता."

त्याचा पुतण्या मागून ओरडला, "काका, कितीला विकलंत आम्हाला?" कुणीतरी थुंकलं. मुदोझोनं खांद्यावरची लाल शाल काढली, नीट घडी केली आणि टेबलाच्या कडेला ठेवली.

कुदेचोचा हात अजून शास्त्रावरच होता. तो व्याह्याकडे टक लावून बघत होता.

"सत्तर वर्षांत एकदा खोटं बोललात व्याही," तो हळूच म्हणाला, "आणि तेही इतकं वाईट, की शेळीसुद्धा फसायची नाही."

"खोटं नाही."

"कान बघा तुमचे, कसे लाल झालेत." मग कुदेचोनं मागे वळून पाहिलं. सून दिसली, तिच्या पाठीवरचा नातू दिसला. आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. हे सगळं कशासाठी चाललंय, ते आत्ता कुठे त्याला कळलं.

"सर," तो म्हणाला, "वरचाच दगड खरा, असं मी आजवर समजत आलो. पण हा माणूस बायकोची शालसुद्धा खोटी चांगली म्हणत नाही. तो आज शास्त्रासमोर खोटं बोलला, माझं कूळ मरू नये म्हणून. म्हणजे खालच्या दगडाची त्याला किती खात्री असेल! माझ्या आजोबांच्या शब्दावर मी माझा नातू पणाला लावू?" त्यानं हात उचलला. "मीही घेत नाही."

केतामीचे तरुण उसळले. "अहो, त्यानं कबूल केलंय! आपण जिंकलोय!"

"मग या की," कुदेचो म्हणाला. "टेबल इथंच आहे. ज्याला आजोबांच्या शब्दावर आपलं लेकरू लावायचंय, त्यानं यावं आणि हात ठेवावा. झुलेसूचा असो, नाहीतर केतामीचा."

टेबलापर्यंतची वाट मोकळी होती. लानू सर उभे, दोन्ही पास्टर उभे. सगळे वाट बघत राहिले. अकरा वर्षं भांडलेली माणसं ती, डोकी फोडलेली माणसं. एकानंही पाऊल उचललं नाही. बाप आपापल्या पोरांकडे बघत होते. काका म्हणून ओरडलेला पुतण्या खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग झुलेसूची एक म्हातारी गुडघे टेकून बसली, तिच्यामागे केतामीच्या बायका बसल्या, आणि बघता बघता सगळी सपाटी गुडघ्यावर आली. प्रार्थना करा असं कुणी म्हटलं नव्हतं.

लानू सरांच्या कागदावर दोनच रकाने होते, एक झुलेसूचा, एक केतामीचा. त्यांनी पेन हातात घेतलं, कोरडे ओठ चाटले आणि विचारलं, "मधली जमीन दोन्ही गावांची, असं लिहू?" कुणी होय म्हणालं नाही, कुणी नाहीही म्हणालं नाही. आमच्याकडे एवढी शांतता म्हणजे होकारच. त्यांनी लिहिलं. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कागदावर पडलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

माणसं उठून निघाली तरी मुदोझो टेबलापाशीच होता. पास्टर वेझोखोनं लाल शाल उचलून त्याच्यापुढे धरली. त्यानं ती घेतली नाही.

"मला डीकनपणातून काढा, पास्टर. मी शास्त्रासमोर खोटं बोललो."

"शास्त्रावरचा हात तर आधीच उचलला होतास."

"हात उचलला म्हणून काय झालं? देवाला ऐकू येत नाही?"

"आलं असणार," पास्टर म्हणाला. "नाहीतर दोन हजारांतला एक तरी हात ठेवायला पुढे आला असता."